पासवाल्यांनी आधी घरातली माणसं मोजावीत

दिवाळीची सुट्टी जवळ आली की कोरेगावात एक सल्ला फुकट मिळतो. ‘‘तिकिटं काय काढत बसताय? पास काढा, चार दिवस कुठंही हिंडा. एकदा पैसे भरले की डोक्याला ताप नाही.’’ सल्ला देणाऱ्याने कधीतरी एसटीचा पास काढून मोठी चक्कर मारलेली असते आणि त्या चक्करीत आपण महामंडळाला कसं पुरून उरलो, हे तो रंगवून सांगतो. याच सल्ल्याची परदेशी आवृत्ती लंडन-टोकियोला स्थायिक झालेल्या मुलांच्या फोनवरून येते: ‘‘आईबाबा, तुम्ही फक्त या, मी सिटी पास काढून ठेवतो.’’ आणि तिसरी आवृत्ती चावडीवर ऐकू येते. कास, ठोसेघर, महाबळेश्वर, संग्रहालय सगळं एकाच कागदावर देणारा ‘सातारा दर्शन पास’ जिल्ह्याने का काढू नये, असं विचारणारे आपल्याकडे आहेत.

तिन्ही आवृत्त्यांत एकच गोष्ट धरून चाललेली आहे: ठोक घेतलं की स्वस्त, सुटं घेतलं की महाग. साखर आणि डाळीच्या बाबतीत ते खरं असेलही. प्रवासाच्या आणि प्रवेशाच्या बाबतीत ते बहुतेक घरांना लागू पडत नाही, आणि कोरेगावच्या घरांना तर मुळीच नाही. कारण पासाची किंमत एका सरासरी माणसाला डोळ्यांसमोर ठेवून ठरते. तो माणूस पूर्ण तिकीट भरतो, सकाळी सहाला निघतो, रात्री दहापर्यंत हिंडतो, दमत नाही आणि त्याला सगळंच बघायचं असतं. असा माणूस आपल्या घरात कितीसा सापडतो, एवढाच माझा प्रश्न आहे.

आधी एसटीचं बघू, कारण आपल्याला सगळ्यात जवळचा पास तोच. ‘आवडेल तेथे कोठेही प्रवास’ ही योजना राज्य परिवहन महामंडळाने १९८८ साली सुरू केली. चार दिवसांचा आणि सात दिवसांचा असे दोन पास, आणि गाडीच्या प्रकारानुसार त्यांचे वेगवेगळे दर. योजना चांगली होती आणि आजही वाईट नाही. पण ती निघाली तेव्हाची तिकीटखिडकी आणि आजची तिकीटखिडकी यांत फार फरक पडला आहे. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना राज्यात एसटीचा प्रवास मोफत झाला. पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्यांना अर्धं तिकीट आहे. १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांना राज्यात सगळ्या प्रकारच्या गाड्यांत अर्धं तिकीट झालं. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट पूर्वीपासूनच आहे आणि पाचच्या आतल्यांना तिकीटच नाही. पासात मात्र दर दोनच राहिले, मोठ्यांचा आणि मुलांचा. म्हणजे खिडकीवर घरातल्या जवळपास प्रत्येकाला काही ना काही सूट आहे आणि पासावर ती एका मुलाखेरीज कोणालाच नाही.

आता पासवाल्यांच्या आवडत्या हत्यारानेच, म्हणजे आकड्यांनी, बोलू. एसटीचं भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्यावर चालतं. २५ जानेवारी २०२५ च्या १४.९५ टक्के भाडेवाढीनंतर साध्या गाडीचा टप्पा सुमारे दहा रुपयांना पडतो. पासाचे दर वरखाली होत आले आहेत, म्हणून हिशेबासाठी चार दिवसांचा साधा पास दीड हजाराचा धरू. तुम्ही खिडकीवरचा दर विचारून हाच हिशेब पुन्हा करा, रीत बदलत नाही. दीड हजारात दीडशे टप्पे, म्हणजे नऊशे किलोमीटर. पूर्ण तिकीट भरणाऱ्या पुरुषाने चार दिवसांत नऊशे किलोमीटर एसटी केली, तर पास आणि तिकीट बरोबरीत सुटतात. फायदा त्याच्यापुढे सुरू होतो. रोजचे सव्वादोनशे किलोमीटर झाले. दांडगा माणूस हे करू शकतो.

त्याच्या बायकोला मात्र अर्धं तिकीट आहे. तिचा पास वसूल व्हायला अठराशे किलोमीटर लागतील, रोजचे साडेचारशे. साध्या एसटीचा ताशी चाळीसचा वेग धरला तर ती बाई रोज अकरा तासांहून अधिक वेळ गाडीत बसून राहील. देवळात जाणार कधी, समुद्र बघणार कधी, जेवणार कधी? आणि घरातल्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजीबाईंचा पास वसूल व्हायला किती किलोमीटर लागतील, हे गणितात मांडताच येत नाही. त्यांचं तिकीट शून्य आहे.

कोणी म्हणेल, ही कागदावरची कसरत झाली. तर कोरेगावातून खरोखर निघणारी एक सहल घ्या. नवरा, बायको, आजी, पंधरा वर्षांची मुलगी, नऊ वर्षांचा मुलगा. कोरेगावहून साताऱ्यामार्गे कोल्हापूर. अंबाबाईचं दर्शन, मग जोतिबा, पन्हाळा, एक दिवस नरसोबाची वाडी आणि परत. सगळं मिळून सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे सत्तर टप्पे. पुरुषाचे सातशे, बायकोचे साडेतीनशे, मुलीचे साडेतीनशे, मुलाचे साडेतीनशे, आजींचे काही नाही. पाच माणसांची तिकिटं साडेसतराशेच्या घरात. हेच पासावर करायचं तर आजींना सोडून तिघांचे साडेचार हजार आणि मुलाचे साडेसातशे, मिळून सव्वापाच हजार. बरोबर तिप्पट. एवढे पैसे भरून ‘डोक्याला ताप नाही’ म्हणायचं, तर ताप उतरवण्याचं औषध जरा महागच पडलं. उरलेल्या साडेतीन हजारांत हेच घर कोल्हापुरात दोन रात्री बऱ्यापैकी लॉजवर राहील आणि तांबडा-पांढराही खाईल.

शिवाय पास म्हणजे जागा नव्हे. सुट्टीच्या गर्दीत पासवाल्यालाही आरक्षण करावं लागतं, नाहीतर दांडीला धरून उभं राहावं लागतं. आणि पास फक्त एसटीचा. कोरेगावला पुणे-मिरज मार्गावरचं रेल्वे स्टेशन आहे, पॅसेंजरचं भाडं एसटीपेक्षा बरंच कमी आहे, आणि म्हाताऱ्या माणसांना गाडीत पाय पसरता येतात. पास खिशात असला की सोयीच्या वेळेची रेल्वे समोर दिसत असूनही माणूस एसटीच्या मागे पळतो. आधीच पैसे भरलेत ना!

आता पासवाल्यांच्या बाजूने जे खरं आहे ते मान्य करायला हवं. एकटा, पूर्ण तिकिटाचा, लांब पल्ल्याचा प्रवासी असेल तर पास त्याच्यासाठीच आहे. कोरेगाव, पुणे, नाशिक, शिर्डी, छत्रपती संभाजीनगर, वेरूळ आणि पुण्यावरून परत असा फेरा साडेनऊशे किलोमीटरच्या आसपास जातो. तिशीतल्या पुरुषाने तो चार दिवसांत केला तर पासाचे पैसे सुटतात, आणि मधे कुठे मनात आलं म्हणून उतरला, चढला तरी जास्तीचं काही लागत नाही. सात दिवसांचा पास घेऊन विदर्भापर्यंत जाणारे आहेत. त्यांनी पास काढावाच. माझं भांडण त्यांच्याशी नाही. माझं भांडण त्यांच्या अनुभवाचा नियम करून तो कुटुंबकबिल्याच्या गळ्यात मारणाऱ्यांशी आहे.

आणि या एकट्या माणसालाही एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. वेरूळ मंगळवारी बंद असतं, अजिंठा सोमवारी बंद. पासाचे दिवस सलग असतात, मंगळवार मधे आला म्हणून ते थांबत नाहीत. सुट्या तिकिटाने निघालेला माणूस म्हणतो, ठीक, आज दौलताबाद बघू आणि उद्या वेरूळ. पासवाला मनातल्या मनात मोजत राहतो की एक दिवस वाया चालला.

वेरूळवरून प्रवेशतिकिटांकडे येऊ. पासाच्या बाजूने नेहमी सांगितलं जातं की प्रत्येक दारात पाकीट काढायचं म्हणजे खर्च हाताबाहेर जातो. आपल्याकडची दारं जरा बघा. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यातल्या स्थळांत अजिंठा, वेरूळ, घारापुरी यांसारख्या जागतिक वारशाला भारतीयांसाठी चाळीस रुपये, शनिवारवाड्यासारख्या स्थळांना पंचवीस रुपये. ऑनलाइन काढलं तर पाच रुपये कमी. पंधरा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश मोफत. एका चहा-वड्याच्या किमतीत जिथे सातवाहन आणि राष्ट्रकूट बघायला मिळतात, तिथे एकत्र पास काढून नेमकं वाचवायचं काय?

आणि आमच्या साताऱ्यात तर बघण्यासारखं जे उत्तम आहे त्यातलं बहुतेक विनामूल्य आहे. सज्जनगडाला तिकीट नाही, अजिंक्यताऱ्याला नाही. संगम माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या संगमावरची देवळं बघायला कोणी पैसे मागत नाही. लिंबची बारा मोटांची विहीर, वाईचा ढोल्या गणपती आणि कृष्णेचा घाट, किन्हईची साखरगड निवासिनी, जरंडेश्वराचा मारुती, नांदगिरीचा कल्याणगड आणि त्याच्या पोटातल्या पाणी भरलेल्या गुहेतलं पार्श्वनाथांचं आणि दत्ताचं स्थान, यांतल्या कशालाही पास लागणार नाही. औंधच्या टेकडीवर बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उघडलेलं श्री भवानी संग्रहालय आहे. रविवर्म्याची सैरंध्री आणि हेन्री मूरचं आईमुलाचं शिल्प एकाच छताखाली बघायला जे माफक शुल्क पडतं, ते देताना कोणाचा हात आखडत असेल तर त्याने घरीच बसावं.

म्हणून ‘सातारा दर्शन पास’ हवा म्हणणाऱ्यांना माझा पहिला प्रश्न: या पासात घालणार काय? फुकटची ठिकाणं घातली तर ती विकत घ्यायला लावल्यासारखं होईल. तिकिटाची ठिकाणं घातली तर त्यांचा हंगाम जुळत नाही. कासचं पठार फुलतं ते सप्टेंबर-ऑक्टोबरात. ठोसेघरचा धबधबा पावसाळ्यात बघायचा. महाबळेश्वरची गर्दी मे महिन्यात आणि दिवाळीत. प्रतापगडावर भर पावसात धुक्याशिवाय काही दिसत नाही. चारही जागा ऐन भरात असतील असा आठवडा वर्षभरात सापडत नाही. एकाच पासावर चार ठिकाणं छापायची आणि त्यांतली दोन त्या काळात बघण्याजोगी नसायची, याला स्वस्ताई म्हणत नाहीत.

दुसरा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे. कासचं पठार २०१२ साली पश्चिम घाटातल्या इतर स्थळांबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारशात गेलं. फुलांच्या हंगामात तिथे रोज किती माणसं सोडायची याला मर्यादा आहे, आधी नोंदणी करावी लागते आणि दरडोई शुल्क पडतं. हे शुल्क गोळा करण्याचं, गाड्या लावून घेण्याचं, लोकांना फुलांत शिरण्यापासून अडवण्याचं काम पठाराभोवतीच्या गावांतली माणसं त्यांच्या समितीमार्फत वनखात्याबरोबर करतात. त्या तिकिटाचा पैसा आणि ते पठार राखणारे हात यांच्यात फार अंतर नाही. एकत्र पास निघाला की पैसा आधी कुठल्यातरी कचेरीत जाणार, मग वाटे पडणार, मग कधीतरी गावात पोचणार. पठार राखणाऱ्याने आपल्या वाट्यासाठी साताऱ्याला खेटे का घालायचे?

आणि पासाची रीतच अशी की जेवढी जास्त ठिकाणं कराल तेवढा फायदा. ज्या जागेला आपण रोज माणसं मोजून सोडतो, तिथे ‘पैसे भरलेतच, तर तेही उरकून टाकू’ असं म्हणणारी आणखी गर्दी कशाला ढकलायची? कासला त्यानेच जावं ज्याला गवतात वाकून इवलंसं फूल बघायचं आहे. वेगळं तिकीट असलं की ज्याला तेवढी हौस नाही तो आपोआप गळतो. हे त्या पठाराच्या भल्याचंच आहे.

आता परदेशातल्या मुलांच्या फोनकडे. त्यांचा हेतू प्रेमाचा असतो यात शंका नाही. आईबापांना परक्या गावात खिडकीवर इंग्रजी बोलायची वेळ येऊ नये, एवढंच त्यांना हवं असतं. पण हिशेब इथल्यासारखाच तिथेही फसतो. जुलै २०२४ मध्ये जी वाघनखं साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात आली, ती लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून. त्या संग्रहालयाच्या कायमच्या दालनांना प्रवेश मोफत आहे. ब्रिटिश म्युझियम मोफत, नॅशनल गॅलरी मोफत, विज्ञान संग्रहालय मोफत. साताऱ्याहून गेलेल्या माणसाला लंडनमध्ये जे बघायची ओढ असते त्यातलं बरंचसं असं विनातिकीट आहे. सिटी पास खपतो तो टॉवर ऑफ लंडनसारख्या तिकिटाच्या ठिकाणांवर, आणि तीही एका दिवसात तीन-चार उरकली तरच. पासष्टीतल्या, गुडघे कुरकुरणाऱ्या आईबापांनी एका दिवसात ती उरकावीत हा आग्रह कशासाठी? टॉवर बघायचा असेल तर टॉवरचं तिकीट काढा. दुपारी बागेत बसू द्या.

पॅरिसला लूव्र संग्रहालयात अठराच्या आतल्यांना तिकीट नाही, मग ती मुलं कुठल्याही देशाची असोत. आणि म्युझियम पास काढलेल्या मोठ्या माणसालाही लूव्रसाठी वेळ वेगळी आरक्षित करावीच लागते. म्हणजे ‘पास काढा, रांग टाळा’ या जाहिरातीतला अर्धा भाग तिथेच गळून पडतो.

सगळ्यात शिकवून जाणारं उदाहरण जपानचं. तिथला सात दिवसांचा रेल्वे पास वर्षानुवर्षं डोळे झाकून घ्यावा असा होता. टोकियो-क्योटो एक जाऊन-येऊन प्रवास झाला की त्याचे पैसे जवळजवळ वसूल व्हायचे. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याची किंमत २९,६५० येनवरून ५०,००० येनवर गेली. तोच फेरा आता पासाच्या जवळपासही पोचत नाही. तरी आधी जाऊन आलेली माणसं आजही नातेवाइकांना ‘पास घ्याच’ असं छातीठोक सांगतात. पासाबद्दलचा सल्ला फार लवकर शिळा होतो. दर बदलतो, सवलती बदलतात, आणि सांगणारा मात्र आपल्या जुन्या चक्करीतच अडकलेला राहतो. एसटीच्या पासाचंही नेमकं हेच झालं आहे: सल्ला २०२२ च्या आधीचा आणि तिकिटं आजची.

राहता राहिला शेवटचा युक्तिवाद, मनःशांतीचा. एकदा पैसे भरले की दर दारात मन खात नाही, पोरांना नाही म्हणावं लागत नाही, असं म्हणतात. यात तथ्य आहे. वेण्णा तलावावर नावेची, मग घोड्याची, मग आणखी कशाची पावती फाडताना बाप वैतागतो, हे महाबळेश्वरला कोणीही बघू शकतो. पण यातलं काहीच प्रवासाच्या पासात बसत नाही. महाबळेश्वरच्या नाक्यावरचा प्रवासी कर बसत नाही, घोडा बसत नाही, मक्याचं कणीस बसत नाही. मनःशांती हवी असेल तर तिचा साधा उपाय आहे: निघण्याआधी सहलीचे पैसे एका पाकिटात वेगळे काढा आणि ते संपेपर्यंत कुरकूर करू नका. वापरले गेले नाहीत तर ते पैसे तुमच्याचकडे राहतात. पासातले न वापरलेले पैसे परत मिळत नाहीत.

उलट पासानेच मनःशांती जाते, हे पासवाले कधी सांगत नाहीत. पैसे आधी गेले की प्रत्येक ठिकाण वसुलीचं होतं. औंधला सैरंध्रीसमोर मुलगी रेंगाळली तर तिला ‘चल, तीनची गाडी आहे’ म्हणून ओढायचं. आजी पन्हाळ्याच्या सज्जाकोठीत वाऱ्याला बसल्या तर घड्याळ दाखवायचं. पाऊस आला तरी निघायचं, ताप आला तरी निघायचं. सुटं तिकीट काढणाऱ्याला आजचा बेत मोडता येतो, आणि कुटुंबाबरोबरच्या सहलीत याहून मोठी सोय दुसरी नाही.

तेव्हा यंदा कोणी ‘पास काढा आणि सुटा’ म्हणाला, तर त्याला घरातली माणसं एकेक करून मोजायला लावा. पंचाहत्तरीच्या पुढचं कोण, पासष्टीच्या पुढचं कोण, बायका किती, बाराच्या आतली पोरं किती, पंधराच्या आतली किती. मग खरोखर किती किलोमीटर जायचंय ते लिहा, सहाने भागा, प्रत्येकाच्या तिकिटाप्रमाणे बेरीज करा आणि त्या दिवशीचा पासाचा दर शेजारी मांडा. पूर्ण तिकिटाचा एखादा गडी लांब पल्ल्याला निघाला असेल तर त्याला खुशाल पास काढून द्या. बाकीच्यांची तिकिटं काढा. आजींचं आधार कार्ड मात्र विसरू नका, त्यांच्यासाठी तोच पास आहे आणि त्याला एक रुपयाही पडत नाही.